बॉक्स बदलणे आणि बिघाड शोधणे

प्रश्नकर्तीने इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेची पदविका नुकतीच पूर्ण केली आहे आणि विमानांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या देखभालीत, म्हणजे हँगरमध्ये ज्याला सगळे एव्हिऑनिक्स म्हणतात त्या कामात, शिरावे असे तिला वाटते. परंतु याच क्षेत्रातल्या एका नातेवाइकाने तिला सांगितले आहे की आता विमान आपला बिघाड स्वतःच सांगते, तंत्रज्ञाने एक बॉक्स काढून दुसरा बसवायचा एवढेच काम राहते, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स असे काही उरलेले नाही. हे खरे आहे का, आणि नसेल तर यात यावे कसे, असे तिने विचारले आहे. मी बावीस वर्षे हे काम करतो आहे, त्यांतली बहुतेक रात्रपाळीत गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

नातेवाइकांचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि ते निम्मे आधी मान्य करायला हवे. ए-३२० जातीच्या विमानाचे उड्डाण संपले की कॉकपिटमधल्या छोट्या प्रिंटरमधून एक कागदी पट्टी बाहेर येते. कोणत्या मिनिटाला कोणता इशारा वैमानिकासमोर आला आणि कोणत्या संगणकाने कोणत्या बॉक्सविषयी तक्रार केली, हे तिच्यावर छापलेले असते. ती पट्टी घेऊन आम्ही विमानाच्या नाकाजवळ, पोटाला असलेल्या झडपेतून वर चढतो. आत रॅकवर राखाडी-काळे बॉक्स पुस्तकांसारखे ओळीने लावलेले असतात, थंड हवा खेळवणारे पंखे सतत घोंघावत असतात आणि तापलेल्या धुळीचा एक वास असतो, जो एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखता येतो. संबंधित सर्किट ब्रेकर ओढायचा, कोणी तो चुकून आत ढकलू नये म्हणून त्याला क्लिप आणि सूचनापट्टी लावायची, मनगटाला स्थिर विद्युत जमिनीत उतरवणारा पट्टा बांधायचा, बॉक्सच्या पुढचे दोन खाचेदार नट हातानेच सैल करायचे आणि बॉक्स सरळ स्वतःकडे ओढायचा. मागचा कनेक्टर आपोआप सुटतो. नवा बॉक्स बसवताना पार्ट नंबर तपासायचा, कॉकपिटमध्ये जाऊन स्वयंचाचणी चालवायची, पडद्यावर ‘टेस्ट ओके’ उमटले की नोंद करायची. सराव असेल तर हे सगळे वीस-पंचवीस मिनिटांत होते.

मात्र एवढेच काम असते तर आमच्या परवान्याची वेगळी श्रेणी ठेवण्याची गरजच पडली नसती. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, सीएआर-६६ या नियमावलीखाली परवाने देते. त्यात इंजिन आणि यांत्रिक रचनेसाठी बी-१ आणि एव्हिऑनिक्ससाठी बी-२ अशा मुख्य श्रेणी आहेत. या नियमावलीतली एक तरतूद विद्यार्थी सहसा पाठ करतात आणि तिच्यावर विचार मात्र करत नाहीत: ज्या एव्हिऑनिक्स कामानंतर यंत्रणा ठीक आहे हे साध्या चाचणीने सिद्ध होते आणि ज्यात बिघाड शोधावा लागत नाही, ते काम बी-१ परवानाधारकही प्रमाणित करू शकतो. म्हणजे निव्वळ बॉक्स बदलण्याचे काम नियमानेच आमच्या यांत्रिक सहकाऱ्याला करू दिले आहे. बी-२ माणसाला बोलावतात ते बॉक्स बदलूनही स्नॅग, म्हणजे नोंदलेला बिघाड, परत येतो तेव्हा. तुमच्या नातेवाइकांनी ज्या कामाचे वर्णन केले आहे ते आमच्या धंद्याचे प्रवेशद्वार आहे. घर त्याच्या पलीकडे आहे.

पदविकेच्या अभ्यासक्रमात तुम्ही डिजिटल संदेशवहन शिकला असाल. नागरी विमानात त्याचे सर्वांत रुळलेले रूप म्हणजे एरिंक ४२९. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, वर जाळीचे कवच, एका वेळी एकाच दिशेने जाणारा ३२ बिटांचा शब्द आणि त्यातले पहिले आठ बिट म्हणजे त्या शब्दाचे लेबल. जमिनीपासूनची उंची सांगणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचे लेबल १६४ आहे. ते लेबल जो घेणारा संगणक ओळखतो तो पुढचा आकडा उचलतो. आता समजा, एका संगणकाने तक्रार केली की त्याला १६४ मिळत नाही. बॉक्स पाठवत नसेल, तार तुटली असेल, एखाद्या कनेक्टरची पिन मागे सरकली असेल किंवा तक्रार करणाऱ्याचेच कान बिघडले असतील. विमानाची स्वयंचाचणी यंत्रणा बहुतेक वेळा पाठवणाऱ्या बॉक्सकडे बोट दाखवते, कारण तारेला स्वतःची बाजू मांडता येत नाही. कार्यशाळेत पाठवलेले कितीतरी बॉक्स ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतात त्याचे मोठे कारण हेच आहे.

याच यंत्रणेचा माझा एक अनुभव सांगतो. जुलै महिना होता. एका विमानाचे वैमानिक चार दिवसांत तीन वेळा लिहून गेले की उड्डाणानंतर थोड्याच वेळात पहिल्या रेडिओ अल्टिमीटरचा इशारा येतो आणि मग आपोआप जातो. जमिनीवर चाचणी घेतली की सगळे ठीक. पहिल्या रात्री मी बॉक्स बदलला, चाचणी घेतली, ‘समाधानकारक’ असे लिहून सही केली आणि समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या पाळीने माझ्या नोंदीकडे न पाहता पुन्हा बॉक्स बदलला. स्नॅग तिसऱ्यांदा आला तेव्हा आमच्या पाळीतल्या वरिष्ठांनी मला समोर बसवले आणि एकच प्रश्न विचारला, “तू काय सिद्ध केलंस?” मी बॉक्स बदलला होता, सिद्ध काहीच केले नव्हते.

त्या विमानात असे दोन बॉक्स असतात. त्यांची आम्ही अदलाबदल केली, पहिल्या जागेचा दुसरीकडे आणि दुसऱ्याचा पहिल्याकडे. पुढच्या पावसाळी उड्डाणात इशारा पुन्हा पहिल्याच जागेवर आला. याचा अर्थ बॉक्स निर्दोष होता आणि दोष त्या जागेशी जोडलेल्या केबलमध्ये किंवा अँटेनात होता. साधी अदलाबदल, पण चार दिवसांतला तो पहिला पुरावा होता. मग वैमानिकांच्या नोंदी त्या-त्या वेळच्या हवामानाशी ताडून पाहिल्या, तर तिन्ही वेळा उड्डाण मुसळधार पावसात झाले होते. विमानाच्या पोटाखाली या यंत्रणेचे चपटे अँटेना असतात, प्रत्येक बॉक्ससाठी एक लहरी पाठवणारा आणि एक परत येणाऱ्या लहरी घेणारा. रात्री दोनच्या सुमारास पाठीवर झोपून त्यातला एक काढला. पाणी आत जाऊ नये म्हणून कडेला लावलेला सीलंट तीन बाजूंनी घट्ट होता, मागच्या कडेला मात्र बोटभर जागेत तो पापडासारखा सुटून आला. कनेक्टर फिरवून सैल केला तेव्हा आतून पाण्याचे दोन-तीन थेंब माझ्या मनगटावर पडले आणि मधली पिन, जी सोनेरी असायला हवी, तिच्यावर हिरवट बुरशीसारखा थर दिसला. जमिनीवर विमान स्थिर आणि कोरडे असताना ते पाणी एका कोपऱ्यात निमूट बसत होते. उड्डाणात नाक वर होताच ते सरकून नको तिथे जात होते, असा आमचा निष्कर्ष झाला. अँटेना बदलला, केबलचे टोक नव्याने केले आणि सीलंट पूर्ण सुकेपर्यंत विमान सोडले नाही. आधीचा सीलंट पुरता सुकू न देताच कोणीतरी ते विमान पावसात सोडले असावे, असे मला आजही वाटते.

केबलचे टोक नव्याने करताना ती इंचभर आखूड झाली तर चालते का, असा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात वारंवारता सतत बदलत लहरी पाठवतो आणि परत आलेल्या लहरीशी तिचा फरक काढून उंची ठरवतो. लहरीला केबलमधून जायला लागणारा वेळही त्या हिशेबात धरलेला असतो, म्हणून केबलची लांबी हा मोजमापाचाच भाग आहे आणि ती किती असावी हे मॅन्युअलमध्ये ठरवून दिलेले असते. पदविकेत शिकलेले इलेक्ट्रॉनिक्स इथे उपयोगी पडते: केबल म्हणजे केवळ तार नव्हे हे ज्याला कळते तो मॅन्युअलचे ते पान उघडतो; ज्याला कळत नाही तो टोक छाटून मोकळा होतो.

हा बिघाड क्षुल्लक वाटत असेल तर २५ फेब्रुवारी २००९ ची ॲमस्टरडॅमची दुर्घटना पाहावी. तुर्की एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० उतरण्याच्या मार्गावर सुमारे १,९५० फुटांवर असताना डावीकडच्या रेडिओ अल्टिमीटरने उंची उणे ८ फूट दाखवली. विमान जमिनीला टेकत आहे असे समजून स्वयंचलित थ्रॉटलने इंजिनांची शक्ती कमी केली, वेग घटत गेला, वैमानिकांच्या ते उशिरा लक्षात आले आणि धावपट्टीच्या अलीकडे शेतात विमान कोसळले. १३५ जणांपैकी ९ जण मरण पावले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने त्या चौकशीतला सर्वांत बोचरा मुद्दा हा की तो चुकीचा आकडा वैध असल्याची खूण घेऊन निघाला होता. मी वर ज्या ३२ बिटांच्या शब्दाविषयी लिहिले त्यात काही बिट केवळ एवढेच सांगण्यासाठी राखलेले असतात की सोबतचा आकडा विश्वासार्ह आहे की नाही. बॉक्सने बिघाड कबूल केला असता तर पुढची साखळी थांबू शकली असती. त्याच विमानात आधीच्या काही उड्डाणांतही असे चुकीचे आकडे आले होते. असे स्नॅग कधी कधी लिहिलेच जात नाहीत, आणि लिहिले तरी जमिनीवर चाचणी ठीक येते म्हणून बंद होतात. तेव्हापासून ‘जमिनीवर तपासले, ठीक आढळले’ एवढीच नोंद करून मी एकही स्नॅग बंद केलेला नाही. निदान मागच्या दहा-पंधरा दिवसांच्या नोंदी उलटून पाहतो.

थोडे विषयांतर करतो. याच यंत्रणेमुळे एव्हिऑनिक्स हा शब्द मोबाइलच्या बातम्यांत आला. पाचव्या पिढीच्या सेवेतला एक वारंवारता-पट्टा रेडिओ अल्टिमीटरच्या पट्ट्याच्या जवळ येत असल्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने पाच विमानतळांच्या धावपट्ट्यांच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत त्या पट्ट्यातले मनोरे उभारू नयेत, असे कंपन्यांना कळवले. त्या पाचांत नागपूर आणि पुणे होते. तिथल्या प्रवाशांनी रेंज नसल्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली. कारण त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते.

आता नवा भाग बसवल्यानंतरच्या चाचणीविषयी. मी शिकाऊ मुलांना लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे उदाहरण देतो, जे २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जकार्ताहून निघाल्यावर समुद्रात कोसळले आणि ज्यात १८९ जण गेले. त्या दुर्घटनेची मुख्य चर्चा उत्पादकाच्या एमकॅस या नियंत्रण-प्रणालीविषयी झाली आणि ती योग्यच होती. पण त्या साखळीची एक कडी आमच्या बाकावरची आहे. आदल्या दिवशी देनपासार येथे विमानाचा डावीकडचा अँगल ऑफ अटॅक सेन्सर, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा होणारा कोन मोजणारा भाग, बदलण्यात आला होता. बसवलेला सेन्सर आधीच्या दुरुस्तीत चुकीचा जुळवला गेला होता आणि सुमारे २१ अंशांनी चूक दाखवत होता. बसवल्यानंतर करायच्या चाचणीत एवढा मोठा फरक दिसायलाच हवा होता. परंतु तिचे निष्कर्ष नोंदलेले नव्हते आणि ती यशस्वीपणे पार पडली होती असे चौकशीला सिद्ध करता आले नाही. नवा किंवा दुरुस्त होऊन आलेला भाग चांगलाच असणार, हे गृहीतक इतके स्वाभाविक आहे की त्याच्याशी रोज नव्याने झगडावे लागते. सोबतचे प्रमाणपत्र त्या भागाची कागदोपत्री ओळख पटवते. तो या विमानात, या तारांवर, योग्य आकडा देतो आहे हे केवळ तुम्हीच तपासू शकता.

तारांविषयी थोडक्यात लिहितो, कारण हे हाताने शिकायचे काम आहे. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे उड्डाण कॅनडाच्या किनाऱ्याजवळ कोसळून २२९ जण मरण पावले. छतामागच्या तारांत ठिणगी पडून सहज पेटणारे आच्छादन भडकले होते. त्या दशकातल्या अशा घटनांनंतर विमानातल्या तारा ही स्वतंत्र यंत्रणा मानून तिच्या तपासणीचे नियम आले. तुमच्या हाती पुढे हे येईल: धातूच्या कडेला तार घासते आहे का, ड्रिल केल्यावर उडालेला कीस जुडग्यात अडकला आहे का, क्रिम्प केलेली, म्हणजे तारेवर दाबून बसवलेली, पिन हलक्या ओढीने बाहेर येते का. बॉक्स जोडलेले असताना मेगर, म्हणजे तारेचे आवरण उच्च व्होल्टेजने तपासणारे उपकरण, लावायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी पाठ करा. तारेचा रोध तपासायला गेलेल्या माणसाने लाखो रुपयांचे दोन बॉक्स जाळलेले मी पाहिले आहेत.

कामाचे वेळापत्रक कठोर असते. प्रवासी विमाने दिवसा उडतात, म्हणून ती आमच्या हाती रात्री येतात आणि पहाटेच्या उड्डाणाची वेळ फलकावर आधीच लागलेली असते. त्या दडपणावर नियमानेच एक वाट ठेवली आहे: मिनिमम इक्विपमेंट लिस्ट, म्हणजे एमईएल. विमानात कोणती गोष्ट नादुरुस्त असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल हे त्यात लिहिलेले असते. बी वर्गातल्या दोषाला ३ दिवस, सी वर्गाला १० आणि डी वर्गाला १२० दिवस, तेही दोष नोंदल्याचा दिवस सोडून. नवख्या मुलांना स्नॅग डिफर करणे, म्हणजे या यादीनुसार दुरुस्ती पुढे ढकलणे, ही हार वाटते. वस्तुतः बिघाड सापडला नसताना पहाटे पाचला आणखी एक बॉक्स बदलून सही करण्यापेक्षा नियमाने डिफर करून पुढच्या रात्री पुरेसा वेळ घेणे हे कितीतरी प्रामाणिक काम आहे. डिफर करता येणार नाही असा दोष असेल तर विमान थांबते. अशा वेळी तुमच्या फोनवर चार वेगवेगळे अधिकारी एकच प्रश्न विचारतात, आणि ते चारही जण सही करणार नसतात.

यात यायचे कसे, हा भाग तुलनेने सोपा आहे. बी-२ साठी गणित आणि भौतिकशास्त्राच्या पायावर विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, डिजिटल तंत्र, विमानात वापरले जाणारे साहित्य, देखभाल-पद्धती, वायुगतिकी, मानवी घटक, हवाई कायदा आणि विमानयंत्रणा अशा विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला असेल तर दोन वर्षांचा आणि तांत्रिक प्रशिक्षणाविना थेट कामातून आलात तर पाच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव अपेक्षित असतो. परवाना मिळाल्यावरही एखाद्या जातीच्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे परवान्यावरची त्या जातीची नोंद, आणि ज्या संस्थेत काम करता तिची अनुमती मिळेपर्यंत त्या विमानावर सही करता येत नाही. तोवर तुम्ही तंत्रज्ञ म्हणून काम करता आणि दुसरा कोणी प्रमाणित करतो. या वर्षांना कमी लेखू नका. मला जे येते त्यातले बरेचसे मी सहीचा अधिकार नसताना, दुसऱ्याच्या खांद्यामागून पाहून शिकलो.

महाराष्ट्राबाहेर जावेच लागेल असे नाही. मुंबई विमानतळाखेरीज नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल होते. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे, जिथे लढाऊ विमानांचे काम चालते. महाराष्ट्राबाहेर, पण शेजारीच, गोव्यात दाबोळीला नौदलाच्या विमानांचे काम आहे आणि तिथली खारी हवा कनेक्टरचे काय करते हे पाहिलेल्या माणसाला गंज म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. लष्करी विमानांवरचा अनुभव उत्तम असतो, मात्र नागरी परवान्यासाठी त्याची जोड कशी धरतात याचे नियम वेगळे आहेत. ते आधीच वाचून घ्या. मराठी माध्यमातून आलेल्यांनी मॅन्युअलच्या इंग्रजीला भिण्याचे कारण नाही, ती भाषा मुद्दाम साधी ठेवलेली असते. रंगांधळेपणाची तपासणी मात्र आताच करून घ्या, कारण तारांचे आणि इशारा-दिव्यांचे रंग अचूक ओळखता येणे या कामात अटळ आहे.

प्रशिक्षण संस्था निवडताना माहितीपुस्तिका बाजूला ठेवून प्रत्यक्ष जाऊन पाहा. विमानाला लागणारा ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचा वीजपुरवठा जोडून यंत्रणा चालू करता येतील असे विमान तिथे आहे, की नुसता सांगाडा उभा आहे, हे विचारा. विद्यार्थी स्वतः किती पिना क्रिम्प करतात ते पाहा. आणि जमल्यास शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचे लॉगबुक चाळायला मागा. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर दुसरी संस्था शोधा.